जुनी जीप तापतीय? वॉटर पंप बदलायच्या आधी एवढं बघा

माझ्याकडं महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे, २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन, आणि मागं एकदा मे महिन्यात करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना तिनं अशी वाफ सोडली की मागचा एसटीवाला उतरून बघून गेला. मिस्त्री म्हणाला वॉटर पंप गेलाय, बदलला. मग म्हणाला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाका, काढला. गाडी तशीच. शेवटी निघालं काय, तर रेडिएटरच्या फिनमध्ये, म्हणजे पातळ पत्र्याच्या जाळीत, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरची कुसळं आणि वर वाळलेला चिखल, असा थर बसलेला की हवा जायला जागाच नव्हती.

म्हणून आधी हे बघा की गाडी तापते कधी. कोल्हापुरातनं कागलपर्यंत हायवेला टेंपरेचरचा काटा गप्प, पण सीझनमध्ये उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या बघत फर्स्ट-सेकंडला सरकताना चढतोय, तर हवा कमी पडतेय. वेगात वारा आपोआप घुसतो, फोर-लोमध्ये, म्हणजे चारी चाकं ओढणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये, चिखलातनं जाताना मात्र सगळी हवा एकट्या फॅनला ओढायची असते. उलट हायवेलाच तापत असेल तर बहुतेक रेडिएटर आतनं चोक झालाय, पाणी फिरत नाही.

हवेचं बघायला रात्री गाडी बंद करून इंजिनच्या बाजूनं रेडिएटरमागं टॉर्च धरा आणि पुढनं बघा, उजेड ठिपक्याठिपक्यानं सगळीकडं दिसला पाहिजे, जिथं काळं दिसतंय तिथं माती. धुताना पाणी इंजिनच्या बाजूनं पुढं मारायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेनं बाहेर पडते. साधी पाइप घ्या, वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळनं मारला की फिन लोळतात आणि मग जे होतं ते पण जातं.

मग फॅनभोवतीचं कव्हर, म्हणजे श्राउड. जुन्या जीपवर निम्म्या जणांनी ते अडचण होते म्हणून काढून फेकलेलं असतं आणि फॅन आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. कोल्हापुरात उद्यमनगरात पत्र्याचं करून मिळतं, फक्त फॅनची पाती साधारण निम्मी आत निम्मी बाहेर राहतील असं माप द्या. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला की सेंटिमीटरभर दबावा, आतनं चकचकीत झाला असेल तर घसरतोय, बदला.

आता पाणी. बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडचं जड असतं, आत खार धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, प्रेशर नसताना पण ते १०७ डिग्रीच्या आसपास उकळतं. वरनं रेडिएटरचं टोपण, शंभर-दोनशेची वस्तू म्हणून कुणी बघत नाही पण तिची स्प्रिंग आणि रबर गेलं की प्रेशरच धरत नाही, आणि दर एक पीएसआय (प्रेशरचं माप) वाढला की उकळायचा पॉइंट दीडेक डिग्री वर जातो. टोपण कंपनीनं दिलंय त्याच प्रेशरचं घ्या, जास्तीचं लावलं तर रेडिएटरच्या जुन्या टाकीचे सांधे सुटतात. रेडिएटरच्या खालच्या मोठ्या होजमध्ये (रबरी पाइपात) स्प्रिंग असते ती गंजून गेली तर रेस केल्यावर होज चपटा होतो, तेवढं एकदा बॉनेट उघडून बघा. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी उकलून नळ्यांत सळई मारून देणारे अजून आहेत, लगेच भंगारात घालू नका.

आणि थर्मोस्टॅट परत बसवा भावा. साधारण ८२ डिग्रीला उघडणारा असतो, तो काढला तर गाडी सकाळी थंडच पळते, धूर सोडते, डिझेल पिते, आणि घाटात तापायचं थांबत नाहीच.

घाटात एक गिअर खालचा ठेवा. थर्डला गुरगुरत ओढत नेलं की इंजिनवर लोड पडतो आणि फॅन-पंप दोन्ही हळू फिरतात. काटा चढला तर कडेला घ्या, एसी असेल तर बंद, हीटर असेल तर फुल्ल सोडा, मे महिन्यात घाम निघेल पण इंजिनची उष्णता निघते. पाणी आणि बेल्ट जागेवर असेल तर लगेच बंद न करता थोडं आयडलला ठेवा. पाणी गळत असेल नाहीतर बेल्ट तुटला असेल तर ताबडतोब बंद. चढलेला काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका, पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. टोपण निदान अर्धा तास उघडायचं नाही आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग तडकतो.

एवढं सगळं करून पण तापत असेल तर सकाळी थंड गाडीचं टोपण काढून स्टार्ट करा, पाण्यात सारखे बुडबुडे आले किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलंय, तिथं घरगुती उपाय नाही.

मी आता मसाईला गवत वाळल्यावर गेलो की ग्रिलच्या आत मच्छरदाणीचा तुकडा बांधतो, डांबरीला लागलो की लगेच काढतो कारण तो पण हवा अडवतोच. मागल्या खेपेला झटकला तर बूटभर कुसळं निघाली.