लोककला प्रकल्पासाठी अनुदान मागताना या चुका टाळा

सिंधुदुर्गातील एखादी संस्था गावातील मुलामुलींना वर्षभर दशावतार हे लोकनाट्य शिकवण्याचा, त्यासाठी वेशभूषा व वाद्ये घेण्याचा आणि अखेरीस परिसरातील मंदिरांच्या आवारात काही प्रयोग करण्याचा प्रकल्प आखते, एकच अर्ज लिहिते आणि त्याच्या प्रती शासन, कंपन्या व परदेशातील मंडळे अशा सर्व ठिकाणी पाठवते. पुढे येणाऱ्या बहुतेक नकारांचे मूळ येथेच असते. प्रत्येक योजनेचा हेतू आधीच ठरलेला असतो आणि त्याबाहेरचा खर्च कितीही रास्त असला तरी तो मंजूर करण्याचा अधिकार समितीला नसतो.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेचेच उदाहरण घ्यावे. तिच्यातील गुरू-शिष्य परंपरेचा घटक गुरू व शिष्यांच्या मासिक साहाय्यासाठी आहे; महोत्सव, परिसंवाद आणि निर्मिती यांसाठी निराळा घटक असून त्यात सर्वसाधारणपणे ५ लाख आणि अपवादात्मक परिस्थितीत २० लाख रुपयांपर्यंत मदत होऊ शकते; इमारतीसाठी तिसराच घटक आहे. वरील प्रकल्पातील प्रशिक्षण आणि प्रयोग हे दोन भाग एकाच अर्जात कोंबले, तर तो कोणत्याच घटकात नीट बसत नाही. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय दशावतार, तमाशा, खडीगंमत अशा लोककलांच्या पथकांना अनुदान देते, पण ते प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या पथकांसाठी आहे. मुलांच्या प्रशिक्षणवर्गाला ते लागू होईल असे गृहीत धरू नये. १९९३ मध्ये बंगळूरुत स्थापन झालेल्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचा भर कलाविषयक संशोधन आणि नव्या प्रयोगशील कामावर आहे. तेथे भारतीय भाषांतून प्रस्ताव देता येतो, त्यामुळे उसन्या इंग्रजीत अर्ज लिहून घेण्याची गरज नाही, आणि व्यक्तीलाही अर्ज करता येतो, हे नोंदणी नसलेल्या कलावंतांनी विशेष लक्षात घ्यावे.

कागदपत्रांतील विसंगती

नव्याने नोंदलेल्या संस्थेने घाई करू नये. शासकीय योजना बहुधा किमान ३ वर्षांचे काम आणि लेखापरीक्षित हिशेब मागतात; तोवर एखाद्या जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या सहकार्याने काम करणे सोयीचे. केंद्राच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरील नोंदणी लागते. खरी अडचण मात्र जुन्या संस्थांचीच अधिक असते. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदीत संस्थेचे नाव एक, पॅन कार्डावर त्यातला एखादा शब्द गळलेला आणि बँक खात्यावर संक्षिप्त रूप, अशी स्थिती सर्रास आढळते. शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडील संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहिलेली असतात, कारण विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत दाखल करायचा बदल अर्ज कोणी केलेलाच नसतो. अर्जाची मुदत जाहीर झाल्यावर हे दुरुस्त करायला निघालेल्या संस्थेचे ते वर्ष बहुतेक वायाच जाते.

वेळापत्रक आणि अंदाजपत्रक

समितीवर त्या कलेचे जाणकार असतात, हे विसरून लिहिलेले प्रस्ताव चटकन ओळखू येतात. दशावताराचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि त्यानंतर कलावंत रात्रीमागून रात्री जत्रांमध्ये असतात. त्याच महिन्यांत आठवड्यातून चार दिवस प्रशिक्षण देऊ असे लिहिणाऱ्या संस्थेने एकाही दशावतारी कलावंताला विचारलेले नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर कळते. कलावंत मोकळे असतात ते पावसाळ्यात, म्हणून प्रशिक्षण तेव्हा आणि प्रयोग हंगामात, अशी मांडणी हवी. ‘लोप पावत चाललेली आपली महान परंपरा’ यावर खर्ची घातलेली दोन पानेही निरुपयोगी आहेत. त्या जागी शिकवणार कोण, शिकणारे किती, लिखित संहितेशिवाय उत्स्फूर्त संवाद बोलण्याची तयारी कशी करून घेणार आणि पखवाज व पेटीची साथ कोण करणार, हे सांगावे.

अंदाजपत्रकात ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली मोठी रक्कम दाखवणे आणि कलावंतांचे मानधन संकोचाने कमी धरणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. पहिलीमुळे संशय येतो आणि दुसरीमुळे मंजूर झालेला प्रकल्प मध्येच थांबतो. अनुदान सहसा संपूर्ण खर्च उचलत नाही आणि ते हप्त्यांनी येते. शेवटचा हप्ता तर काम संपवून हिशेब दिल्यावरच मिळतो. त्यामुळे स्वतःचा वाटा आणि मधल्या काळाचा पैसा कोठून येणार, याची तरतूद अर्जापूर्वीच झालेली असावी.

कंपन्या आणि परदेशस्थ देणगीदार

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान २ टक्के भाग सामाजिक कामांवर (सीएसआर) खर्च करावा लागतो आणि पारंपरिक कलांचे संवर्धन त्या कामांच्या यादीत आहे. तरीही ‘तुमचे बोधचिन्ह मंचावर लावू, जाहिरात करू’ असे लिहून संस्था स्वतःचाच अर्ज बाद करून घेतात, कारण जाहिरातीचा लाभ मिळवण्यासाठी केलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. असा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणीही करावी लागते.

सर्वांत महागात पडू शकणारी चूक परदेशातील पैशाबाबत होते. अमेरिकेत स्थायिक झालेला गावचा माणूस आपुलकीने रक्कम पाठवतो आणि संस्था ती नेहमीच्या खात्यात जमा करून घेते. तो भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. मात्र त्याने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर तो मराठी असला आणि त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी ती परकीय देणगीच ठरते. तिथल्या महाराष्ट्र मंडळाने दिलेली रक्कमही तशीच. अशा देणगीसाठी २०१० च्या परकीय अभिदाय कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. देणगीदाराचे नागरिकत्व विचारणे अवघड वाटते खरे, पण रक्कम येण्याआधीच ते विचारावे.

हप्ता अडकला किंवा अर्ज नाकारला गेला, तर

केंद्राच्या अनुदानाचा पुढचा हप्ता अडकला असेल, तर आधी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, पाहावे. ते केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील (जीएफआर) १२-ए या नमुन्यातच आहे का, त्यातील आकडे लेखापरीक्षकाच्या ताळेबंदाशी जुळतात का, न खर्चलेली रक्कम आणि अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज दाखवले आहे का, हे तपासावे. व्याज संस्थेचे नसते, ते शासनाला परत करावे लागते. मानधन रोखीने दिले असल्यास पावत्यांवर हरकत येण्याची शक्यता वाढते, म्हणून ते कलावंताच्या खात्यात जमा करणे बरे. शासकीय योजनेत अर्ज नाकारला गेला आणि कारण कळवले गेले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागता येते, आणि पुढील वर्षीचा अर्ज लिहायला बसण्यापूर्वी ती हाती असलेली बरी.