गांडूळ संडास: या चुका टाळा

गांडूळ संडास म्हणजे बिनपाण्याचा संडास, त्याच्या टाकीतली गांडुळं विष्ठेचं खत करतात. ती मेली की लोक आधी विकणाऱ्याला नावं ठेवतात. दोष बहुधा बसायच्या भांड्यात असतो. बिनपाण्याच्या संडासाचे परदेशी आराखडे कागद वापरणाऱ्यांसाठी केलेले असतात आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे उचलले जातात. चार माणसांची विष्ठा दिवसाला जेमतेम किलो-दीड किलो, लघवी मात्र पाच-सहा लिटर, वर धुण्याचं पाणी. सगळं एकाच टाकीत गेलं की थर चिखलासारखा बसतो, हवा कोंडते, लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो आणि गांडुळं भिंतीवर चढून झाकणाला लटकतात. इथवर सावरता येतं, पण नेमका याच वेळी घरातलं कुणीतरी वास जावा म्हणून फिनेल ओततं. मग काही उरत नाही.

भांडं तीन भागांचंच घ्या: विष्ठा खाली टाकीत, लघवी कॅनमध्ये, धुण्याचं पाणी वेगळ्या नळीने केळीच्या आळ्यात. टाकीच्या तळाला वीतभर खडी आणि निचऱ्याचं भोक हवंच. थर भिजलाच तर वापर थांबवा, काट्याने हलक्या हाताने मोकळा करा, कोरडा नारळाचा भुसा मिसळा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब सुटले की ओल बरोबर.

दुसरी खोड राखेची. सुक्या खड्ड्याच्या संडासात राख-चुना टाकतात, कारण तिथे जंतू मारायचे असतात. इथे तोच क्षार गांडुळांची कातडी भाजतो. प्रत्येक वापरानंतर दोन मुठी लाकडाचा भुसा किंवा चुरलेला पालापाचोळा पुरे.

शेतातली गांडुळं आणून सोडू नका, ती माती खाणारी. आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस या शेण-पाचोळा खाणाऱ्या जाती घ्या, चौघांना दोन किलो. ताजं शेण तापतं. टाकीत गांडुळांसाठी पहिला थर घालाल, त्या बिछान्याला पंधरा दिवसांचं थंड झालेलं शेण वापरा. पत्र्याचं छप्पर असेल तर त्यावर झावळ्या टाका, पस्तीस अंशांच्या वर आयसेनिया टिकत नाही. मुंग्यांसाठी टाकीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

पहिल्याच दिवशी अख्खं घर बसवायची घाई तर सर्रास दिसते. महिनाभर एक-दोघांनीच वापरावं. गांडुळं वाढली की बाकीच्यांनी.

खत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं झालं म्हणून लगेच उपसू नका. जंतांची अंडी गांडुळांच्या पोटातून गेली तरी जगू शकतात. म्हणून टाक्या दोन ठेवा. भरलेली वर्षभर बंद राहू द्या. तेव्हाही ते खत आंबा-नारळाच्या बुंध्याला, मेथी-कोथिंबिरीला नाही.