किनाऱ्यावरची विहीर मचूळ होऊ नये म्हणून

थळपासून रेवदंड्यापर्यंत मी पंप-मोटरींची कामं करतो. अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, म्हणजे रायगड किनाऱ्यावरच्या अष्टागरातली गावं. मे महिना लागला की फोन सुरू होतात: "पाणी मचूळ लागतंय, फूटव्हॉल्व्ह अजून चार फूट खाली सोड." यातला पहिला अर्धा भाग खरा असतो. दुसरा ऐकला, म्हणजे सक्शन पाइपच्या तोंडाची ती झडप खाली सोडली, तर पाऊस येईपर्यंत विहीर पुरती खारट होते.

खाली का जायचं नाही, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. वाडीतल्या, म्हणजे माड-सुपारीच्या बागेतल्या, विहिरीचं पाणी पावसाचं असतं. चार महिने पडलेलं पाणी वाळूत मुरतं आणि संथपणे समुद्राकडे सरकत राहतं. त्याच वाळूत, पण खालच्या अंगाने, समुद्राचं खारं पाणीही जमिनीच्या दिशेने घुसलेलं असतं. खारं जड, म्हणून ते तळाला. गोडं हलकं, म्हणून ते वर तरंगतं. घनतेत फरक फार नाही, १ आणि १.०२५ इतकाच. पण त्याचा अर्थ असा की, ४० मीटर उंचीच्या खाऱ्या पाण्याला तोलून धरायला ४१ मीटर उंचीचं गोडं पाणी लागतं. म्हणजे समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ मीटर उभं असेल, तर सपाटीच्या खाली ४० मीटरपर्यंत ते खाऱ्याला रोखून धरतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये बादोन खायबेन यांनी आणि १९०१ साली जर्मनीत हर्झबर्ग यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, हाच हिशेब मांडला.

आता तो उलटा करून बघा. वापरून वापरून विहिरीच्या आसपासची पातळी अर्धा मीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खाऱ्याची हद्द हळूहळू २० मीटर वर यायला बघते. आमच्याकडे वाळूखाली काळा पाषाण लागतो, त्यामुळे पुस्तकातलं गणित जसंच्या तसं बसत नाही. खारं पाणी पाषाणाच्या भेगांतून वाट शोधतं. शिवाय गोडं आणि खारं यांच्यात सरळ रेघ नसते, मधे मचूळ पाण्याचा पट्टा असतो. पण तुम्ही जोरात उपसलंत की नेमकं पंपाखालचं खारं वर ओढलं जातं, हे मात्र वाळूत आणि पाषाणात, दोन्हीकडे खरं.

आमच्या वाड्यांवर पूर्वी रहाट होते. बैल नाहीतर रेडा गोल फिरायचा, एकेक गाडगं वरवरचं पाणी घेऊन यायचं, जनावर थकलं की रहाट थांबायचा. वरून घ्या, हळू घ्या, मधे विश्रांती द्या. मी मोटर लावताना तेच करायचा प्रयत्न करतो. फरक एवढाच, की मोटर थकत नाही, म्हणून तिला थांबवायची सोय आपण करायची.

पण काही बसवण्याआधी मोजा. जिभेवर विसंबू नका. रोज तेच पाणी पिणाऱ्याला खारटपणा फार उशिरा कळतो. बाजारात पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो, काही शे रुपयांत. तो खरं तर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे मीटर दोन आकडे दाखवतील. घाबरू नका, पण वर्षभर एकच मीटर वापरा. समुद्राच्या पाण्यात बुडवून गंमत बघायला जाऊ नका. तिथे लिटरला साधारण ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात आणि हे स्वस्त मीटर बहुतेक ९,९९० लाच हात टेकतात.

वरचं पाणी मोजणं सोपं आहे. खरी बातमी तळाला असते. त्यासाठी जाड काचेची बाटली घ्या, तिच्या बुडाला चांगला वजनदार दगड बांधा, तोंडाला बूच बसवा. एक दोरी बाटलीच्या गळ्याला, दुसरी बारीक दोरी बुचाला. बाटली बंदच खाली सोडायची. तळाच्या वीतभर वर आली की बुचाच्या दोरीला हिसका द्यायचा. बुडबुडे येतात, ते थांबले की बाटली भरली. सावकाश वर ओढा. वाटेत थोडं पाणी मिसळतं, पण आपल्या कामाला तेवढं चालतं. हे पहाटे, मोटर सुरू होण्याआधी करायचं. एकदा पंप चालला की विहीर ढवळली जाते आणि वरचं-खालचं एकच होऊन बसतं.

मीटरवर (लिटरला मिलिग्रॅम) वर ४०० आणि तळाला ४५० असेल तर निर्धास्त राहा. वर ४०० आणि तळाला १,५०० निघालं, तर खारं दाराशी आलेलं आहे, तुमच्या चहाला अजून त्याचा पत्ता नाही इतकंच. अशा विहिरीत फूटव्हॉल्व्ह खाली सोडणं म्हणजे ते दार आपल्या हाताने उघडणं.

एक वही करा. तारीख, तिथी, काठापासून पाणी किती खाली, वरचा आकडा, तळाचा आकडा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुरे, होळीनंतर दर आठवड्याला. तिथी लिहायची ती भरतीसाठी. कोळीवाड्यात कुणालाही विचारा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक सगळ्यात कमी.

भरतीवरून इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. पुळणीला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याला, लागून असलेल्या विहिरीचं पाणी भरतीबरोबर थोडं चढतं. नागावच्या एका काकूंनी मला बजावलं होतं, "भरतीला विहीर भरते रे, तेव्हाच मोटर लाव, फुकटचं पाणी आहे." काकू, ते नवीन पाणी नाही. समुद्र चढला की त्याच्या दाबाने तुमचंच गोडं पाणी वर उचललं जातं आणि ओहोटीला परत बसतं. चढलेलं पाणी जादा समजून उपसलंत, तर ओहोटीला विहीर नेहमीपेक्षा खाली जाते. खाडीलगतच्या विहिरींना तर उधाणाचे तीन-चार दिवस जपावंच. बांध झिरपत असेल तर तेव्हाच खारं आत येतं.

आता मोटर. वाडीतल्या विहिरीला तीन एचपीची गरज जवळजवळ कधीच नसते. लोक घेतात, कारण टाकी झटपट भरते आणि दुकानदार आग्रह करतो. अर्ध्या एचपीची घ्या. पाच हजार लिटरची टाकी भरायला तिला तीनेक तास लागतील, लागू द्या. तेही एका दमात नको: पहाटे दीड तास, संध्याकाळी दीड तास. टाकी मात्र मोठी बांधा. शनिवारी-रविवारी पाहुणे येणार असतील, तर त्यांचं पाणी सोमवारपासून थोडं थोडं साठवायचं. शनिवारी दुपारी एकदम ओढायचं नाही. होमस्टेवाल्यांच्या विहिरी बिघडतात त्या याच एका सवयीने.

फूटव्हॉल्व्ह तरंगता ठेवा. वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन झाकण घट्ट लावून पाण्यावर सोडायचा, त्याला दोरीने फूटव्हॉल्व्ह असा टांगायचा की तो पाण्याच्या दीड-दोन फूट खाली राहील. त्याहून वर ठेवलात तर भोवरा होऊन मोटर हवा धरते. सक्शनला पीव्हीसीचा कडक पाइप नको, आत कॉइल असलेला लवचिक होज हवा, म्हणजे पाणी उतरेल तसा तोही उतरेल. जोडीला फ्लोट स्विच. पाणी ठरलेल्या खुणेखाली गेलं की मोटर आपोआप बंद. खूण कुठे करायची ते वही सांगते: ज्या पातळीखाली गेल्यावर तळाचा आकडा चढायला लागतो, तिच्या फूटभर वर.

एवढं करूनही पाणी कमी पडलं तर? खोल जाऊ नका, पसरा. वाडीच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रापासून जितकं लांब जमेल तितकं, दुसरी उथळ विहीर घ्या आणि उपसा दोघींत वाटा. बोअरवेल घ्यायचा सल्ला मी पुळणीलगत कुणालाच देत नाही. बंगलेवाले तरी घेतातच. गाडी येते, दीडशे-दोनशे फूट जाते, पहिल्या वर्षी पाणी बरं लागतं, पुढे पंपातल्या पितळी इंपेलरला (फिरत्या चक्राला) खड्डे पडतात, गीझरची कॉइल जाते, मग मला बोलावतात. अशी खारट झालेली बोअर नुसती सोडून देऊ नका. केसिंगच्या, म्हणजे बोअरमधल्या पाइपच्या, बाजूने खालचं खारं आणि वरचं गोडं एकमेकांना भेटत राहतं आणि शेजाऱ्याची विहीरही नासते. माहीतगार माणसाकडून ती तळापासून वरपर्यंत सिमेंटने बुजवून घ्या.

पुनर्भरणाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. छताचं पाणी विहिरीत सोडा म्हणतात, सोडा, गाळून सोडा. १०० चौरस मीटर छपरावर २,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर पाणी, कमी नाही. पण श्रावणात आमची वाळू आधीच तुडुंब असते, वाडीत हातभर खणलं की पाणी लागतं. तेव्हा घातलेलं बरंचसं पाणी समुद्रालाच जातं. किनाऱ्यावर खरी कमाई पाऊस सरल्यावर होते. दसऱ्याच्या सुमारास वहाळाला धार असताना पोत्यांचे बंधारे घातले, तर पातळी दिवाळीनंतरही धरून राहते. चौल-नागावच्या वाड्यांमधली जुनी तळी हेच काम करत आली आहेत. प्लॉट पाडायला तळं भरून टाकणारा माणूस शेजारच्या विहिरींच्या डोक्यावरचा दाब काढून घेत असतो. पुळणीवरची वाळू उचलण्याचंही तसंच. आणि खाडीकडे शेत असेल तर बांधाची उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झडपेची मोरी, बघत चला. झडप ओंडक्याने किंवा कचऱ्याने अडकून उघडी राहिली, तर प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येणार.

आकडे चढतच असतील, तर पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. नुसता टीडीएस नको, क्लोराइड आणि बायकार्बोनेट दोन्ही मागा, नायट्रेटही. क्लोराइडच्या आकड्याला ३५.५ ने भागा, बायकार्बोनेटच्या आकड्याला ६१ ने. पहिलं उत्तर दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी असेल, तर पाणी चांगलं. दीडपटीच्या वर गेलं, तर समुद्राचा संशय धरा. सहा-सातपट म्हणजे प्रकरण गंभीर. क्लोराइड थोडं जास्त आणि नायट्रेट भरपूर असेल, तर समुद्राला दोष देण्याआधी सेप्टिक टँक किती जवळ आहे ते बघा.

पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असतं. म्हणजे पंधरा लिटरच्या हंड्यात जेमतेम पाव लिटर समुद्र मिसळला, तरी पहिली मर्यादा ओलांडली जाते. माड त्याहून खारं सोसतो. सुपारी सोसत नाही, झावळ्यांची टोकं करपायला लागतात, आणि जायफळ, मिरी तर त्याआधीच मान टाकतात. म्हणून पाणी मचूळ व्हायला लागलं की आधी माडांना मचूळ आणि सुपारीला गोडं अशी वाटणी करावी.

विहीर खारट झालीच, तर ती उपसून काढायला माणसं लावू नका. "सगळं काढलं की नवीन गोडं येईल," असं सांगणारे भेटतील. खालून आलेलं खारं उपसलंत की त्याच्या मागून आणखी येतं. २००४ च्या त्सुनामीत श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या हजारो विहिरींत समुद्र वरून शिरला होता. तिथेही पुन्हा पुन्हा उपसण्याने तोटाच जास्त होतो, असं सांगावं लागलं. लाटेचं पाणी वरून शिरलं असेल तर गाळ आणि घाण एकदा सावकाश काढा, मग थांबा. खालून आलं असेल तर मोटर बंद ठेवा, एक-दोन पावसाळे जाऊ द्या, वही चालू ठेवा.

मधल्या काळात आरओ बसवणार असाल, तर त्याचं वाया जाणारं पाणी कुठे सोडताय ते आधी ठरवा. शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यात असतात. शोषखड्ड्यात सोडलंत तर ते फिरून त्याच विहिरीत येईल. त्याला वेगळा पाइप काढा आणि खाडीच्या बाजूच्या, भरतीचं पाणी येतं अशा नाल्यात सोडा.