जुन्या सी-क्लासचं स्टिअरिंग लॉक अडखळू लागलं तर

मर्सिडीज सी-क्लासच्या डब्ल्यू २०४ पिढीत (२००७ ते २०१४) चावी खाचेत घातली की स्टिअरिंगखालून 'झुर्र-टक' असा छोटा आवाज येतो. लॉकची पिन मागे सरकल्याचा तो आवाज. डब्ल्यू २१२ ई-क्लासमध्येही हाच प्रकार आहे. आवाज उशिरा येऊ लागला, मध्येच तुटू लागला किंवा चावी दोन-तीनदा घालावी लागली, तर काम त्याच आठवड्यात काढा. या टप्प्यावर बिघाड एका छोट्या मोटरीपुरता असतो आणि लॉक उघडं असताना युनिट सहज निघतं. पिन स्टिअरिंगला अडवून बसलेली असताना मोटर मेली, तर तेच काम कापाकापीचं होतं.

होतं काय, तर युनिटमधल्या छोट्या डीसी मोटरीचे कार्बन ब्रश झिजतात आणि त्यांची भुकटी कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या, फटींत बसते. मोटर एका ठरावीक जागी थांबली की पुन्हा उचलत नाही, थोडी हलली की उचलते. म्हणून बिघाड 'येतो-जातो' असा वाटतो. युनिटमधला प्रोसेसर पिन वेळेत हलली का ते बघत असतो. वारंवार हलली नाही, तर तो चूक नोंदवून युनिटच कायमचं बंद करतो. मग नवी मोटर घालूनही उपयोग नाही. आधी ती नोंद पुसावी लागते. त्यामुळे चालत नसताना चावी पंचवीस वेळा आत-बाहेर करणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

गोव्यात अशा वेळी पावसाळी दमटपणाला दोष देण्याची सवय आहे. दमटपणाने कनेक्टरवर हिरवट गंज चढतो हे खरं, पण ब्रश झिजतात ते वापराने. पावसाचा खरा संबंध बॅटरीशी. मालक आखातात किंवा बोटीवर, गाडी चार महिने पोर्चमध्ये, बॅटरी अर्धी उतरलेली. मग थकलेली मोटर कमी व्होल्टेजवर उचलत नाही. म्हणून सर्वांत आधी मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टच्या वर हवं. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच लॉककडे बघा.

दुसरी चावी घालून पाहा. चावीतला सेल संपला म्हणून गाडी अडत नाही, कारण खाचेत गेलेल्या चावीला ईआयएस, म्हणजे इग्निशनचं युनिट, स्वतः वीज पुरवतं. एका चावीने चालते, दुसरीने नाही, तर दोष चावीत. दोन्हींनी आवाज नाही, डॅशबोर्डचं मीटर पेटत नाही, चावी फिरत नाही, तर स्कॅनर लावून ईआयएसचा लाइव्ह डेटा वाचायला सांगा. चावी ओळखली 'होय' आणि स्टिअरिंग अनलॉक 'नाही' असं दिसलं, तर संशय ईएसएलवर, म्हणजे स्टिअरिंग लॉकच्या युनिटवर. हे न बघता कुणी थेट ईआयएस बदलायला सांगितलं, तर दुसरं गॅरेज शोधा. महाग भाग आधी बदलून बघण्याची ही खोड फार जुनी आहे.

गाडी अडलीच, तर स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे हलवत चावी घाला. उतारावर चाकं वळवून उभी केली असेल तर पिनवर ताण असतो, तो यानं सुटतो. तरीही नाही, तर दुसऱ्याला चावी घालायला सांगून कॉलमच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या, खालच्या अंगाला, लॉकच्या युनिटजवळ, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन-चार टिचक्या मारा. हातोडी नको. सुटलं, तर गॅरेज गाठेपर्यंत चावी खाचेतून काढूच नका. इंजिन बंद केलं तरी चालेल, पण चावी आतच. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीवर हे विशेष लक्षात ठेवा. उतरायच्या वेळी लॉक सुटलं नाही, तर मागची सगळी रांग तुमच्या नावाने शंख करते. चावी आत ठेवून गाडी लॉक होत नाही आणि बॅटरीही थोडी खर्च होते, म्हणून हा उपाय दिवसभराचाच. अजिबात सुटलं नाही, तर दोरी बांधून ओढायचा विचारही नको. स्टिअरिंग लॉक, गियर 'पी'मध्ये, मागची चाकं जाम. चाकांखाली ट्रॉल्या घालून फ्लॅटबेडवरच चढवावी लागते.

काम असं होतं. चावी घालून लॉक उघडं करून घ्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि एअरबॅगच्या भागांना हात लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबा. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशीही एअरबॅग आहे. चाकं सरळ ठेवा. स्टिअरिंगखालचं पॅनेल काढलं की कॉलमला चिकटलेलं धातूचं युनिट दिसतं. कनेक्टर काढा, पिना तपासा, हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. युनिट काढायला जागा कमी पडली, तर कॉलमचे बोल्ट सैल करून तो थोडा खाली घ्यावा लागतो. त्या वेळी स्टिअरिंग फिरवून आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगकडे वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, तोडू नका.

युनिटचं झाकण उघडताना आतल्या गियरची जागा फोटो काढून ठेवा. पिन युनिटमध्ये पूर्ण आत आहे, ती तशीच राहायला हवी. मोटर बदलताना अंगावरचा नंबर, शाफ्टची लांबी आणि त्यावरचं वर्म गियर जुळवून घ्या. दिसायला सारखी खेळण्यातली मोटर बसते, पण ताकद आणि वेग वेगळा असल्याने प्रोसेसर चूक धरतो. सोल्डरचे दोन टाके काढायचे आणि तेच घालायचे, पण ध्रुव उलटे झाले तर पिन उलट्या दिशेला ढकलली जाईल. गियरला लिथियम ग्रीसचा पातळ हात पुरे. जास्त ग्रीस मोटरीत शिरलं की कार्बनशी मिसळून पुन्हा चिखल.

युनिट आधीच कायमचं बंद झालं असेल, तर दोन वाटा: जाणकाराकडून त्यातली चुकीची नोंद पुसून घेणं, किंवा एम्युलेटर, म्हणजे लॉकच्या युनिटची नक्कल करणारा डबा. एम्युलेटर ईआयएसला 'लॉक उघडलं' असं सांगतो, प्रत्यक्ष लॉक काही करत नाही. तो ईआयएसच्या पासवर्डने गाडीशी जोडावा लागतो, म्हणून दोन्ही चाव्या सोबत न्या. काही एम्युलेटर जुन्यासारखा 'झुर्र' आवाजही काढतात, तेवढंच समाधान. जुन्या युनिटची पिन कॉलममधून पूर्ण बाहेर निघाली आहे याची खात्री डोळ्यांनी करा. चालत्या गाडीत ती अडकण्याची शक्यताच उरता कामा नये. मोटर बदलता येत असेल तर तीच वाट बरी, कारण एम्युलेटरनंतर चोरीपासूनचं एक संरक्षण जातं. तो बसवलाच, तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि स्टिअरिंगला लावायचा लोखंडी रॉड घ्या.

निस्सानच्या काही मॉडेलांवर चालणारी युक्ती, लॉक उघडं असताना त्याचा फ्यूज काढून टाकण्याची, इथे करू नका. मर्सिडीजमध्ये ईएसएलचं उत्तर मिळालं नाही, तर ईआयएस गाडी सुरूच होऊ देत नाही.

पॅनेल लावण्याआधी चावी वीस वेळा घालून-काढून पाहा, त्यातल्या चार-पाच वेळा हेडलाइट चालू ठेवून. आवाज दर वेळी एकाच लांबीचा यायला हवा. बॅटरी जोडल्यावर ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा पेटला, तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आणि काचा आपोआप वर जात नसतील तर बटण वर ओढून काच बंद झाल्यावरही क्षणभर धरून ठेवा.