पोळ्याला बैलजोडी कशी सजवावी

पोळा श्रावण अमावास्येचा, पण तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. त्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू ज्या खांद्यावर असतं, तो कोमट पाण्यानं पुसून घ्या. मग तूप-हळद लावून पळसाच्या पानानं हलक्या हातानं चोळा. चोळताना बोट कुठं अडखळलं, बैलानं कातडी थरथरवली, की तिथं घट्टा किंवा जखम आहे समजा. सणानंतरही तिथं रोज हात फिरवा. शेवटी कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सकाळी नदी-नाल्यावर धुणं. खूर आणि शेपटीचा गोंडा विसरू नका.

नवी वेसण घालताना घाई करू नका. जुनी वेसण आधी काढून टाकायची नाही. ती एका बाजूला कापा, त्या टोकाला नवी दोरी घट्ट शिवा, जोडावर खोबरेल तेल लावा आणि हळूच ओढून घ्या. भोक दुखत नाही, बैलही मान झटकत नाही. शिंगं फार तासू नयेत, आत जिवंत भाग असतो. वरवर घासून रंग द्या, वाळल्यावर बेगड लावा. मग मठाटी (कपाळावरचा साज), चवऱ्या, घुंगरमाळा. झूल सर्वांत शेवटी टाका, नाहीतर उन्हात बैल घामाघूम होतो.

दुपार कलली की गावाबाहेर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या रांगेत लागतात. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू होतात, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" हा गलका नव्या गोऱ्ह्याला सोसत नाही, त्याला रांगेच्या कडेला उभा करा आणि कासरा मोठ्या माणसाच्याच हाती द्या. फटाके तर बैलांजवळ नकोच. मानाच्या जोडीमागून तोरण तुटलं की एकच धावपळ होते. पोरांना आधीच बाजूला काढा.

घरी आल्यावर पाय धुऊन, कुंकू लावून ओवाळा. पुरणपोळी प्रत्येकी एखाद-दुसरीच द्या. दारोदार बैल फिरतो, प्रत्येक घर मायेनं चारतं आणि एवढं पीठ-गूळ एकदम पोटात गेल्यानं पोट फुगतं, जीवही जाऊ शकतो. आमच्या घरी म्हणूनच उरलेलं ताट गड्याच्या घरी जातं, बोजाऱ्याबरोबर (बैल फिरवणाऱ्याला द्यायचे पैसे). बैलापुढे हिरवा चारा, भरपूर पाणी, आणि दुसऱ्या दिवशीही जू नाही.