४१६००५ हा पिन कोड आतून कसा दिसतो?

भाचीच्या फॉर्मवर पत्ता भरताना कोल्हापूरचा पिन कोड लिहिला, ४१६००५, आणि ती म्हणाली, “मामा, ही मूळ संख्या आहे का?” मोबाईल बाजूला ठेवून आम्ही कागद-पेन घेतलं. तुम्हीही घ्या.

आधी वर्गमूळाचा अंदाज. ६४ × ६५ = ४१६०, त्यापुढे २५ लिहिले की ६४५ चा वर्ग मिळतो : ४१६०२५. आपली संख्या त्याहून फक्त २० ने कमी. संख्या मूळ नसेल तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमूळाच्या आतच सापडतो, म्हणजे ६४४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग जातो का ते पाहायचं. घाबरू नका, इतकं करावं लागत नाही.

शेवटी ५ आहे, म्हणून ५ ने भागा : ८३२०१. आता वर्गमूळाची हद्द एकदम २८८ वर आली. सगळी गंमत इथं आहे. एक अवयव सापडला की पुढचं काम आपोआप आटतं.

८३२०१ विषम आहे, अंकांची बेरीज १४, म्हणून २ आणि ३ बाद. शेवटी १ आहे, तेव्हा ५ पुन्हा नाही. ७, ११, १३ यांची तपासणी एका वजाबाकीत होते, कारण ७ × ११ × १३ = १००१. शेवटचे तीन अंक वेगळे काढा : २०१ − ८३ = ११८, म्हणजे ८३२०१ = ८३ × १००१ + ११८. या ११८ ला तिघांपैकी कुणानंच भाग जात नाही, म्हणून ८३२०१ लाही जात नाही. ही युक्ती मला शाळेत कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं!

१७ ने बाकी ३ उरते. १९ ने मात्र नेमका भाग जातो : ४३७९. हद्द आता ६६. पुन्हा १९ नाही, २३ नाही, २९ ने भाग गेला : १५१. याची हद्द १२, आणि तिथवरच्या मूळ संख्या आधीच बाद झाल्यात. म्हणजे १५१ मूळच.

४१६००५ = ५ × १९ × २९ × १५१

भाचीला उत्तर मिळालं : मूळ नाही. आता विभाजक मोजू. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असं चार वेळा, म्हणून २ × २ × २ × २ = १६. त्यांची बेरीज काढायला प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणाकार करायचा : ६ × २० × ३० × १५२ = ५४७२००. त्यातून ४१६००५ ही संख्याच वजा केली तर १३११९५ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा कमीच. अशा संख्येला न्यून संख्या म्हणतात.

शेवटची कसोटी आपल्या देवळालीच्या शिक्षकाची, द. रा. कापरेकरांची. अंकांच्या बेरजेनं संख्येला भाग गेला तर ती हर्षद संख्या. इथं बेरीज १६ आणि संख्या विषम, तेव्हा नाही. आम्ही हट्टानं ४१६००१ पासून ४१६०१५ पर्यंत सगळ्या तपासल्या, एकही हर्षद निघाली नाही. पहिली सापडली ४१६०१६ ला : बेरीज १८, आणि १८ × २३११२ = ४१६०१६. भाची खुर्चीवरून उठून नाचली.