सीडी प्लेअरवर ठीक, फ्लॅकमध्ये कर्कश: 80च्या दशकातल्या डान्स संकलनांवरचा उपाय

लक्षण असं: 80च्या दशकातली जपानी छपाईची सीडी. सोलापुरात नवी पेठेतल्या मित्राच्या जुन्या प्लेअरवर गोड वाजते, पण संगणकावर फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) केली की हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या झांजा, कानात टोचतात. ड्राइव्ह बदलला, कमी वेगात पुन्हा रिप केली, म्हणजे सीडी संगणकावर उतरवली. चेकसम, म्हणजे फाइल तंतोतंत तीच आहे का हे दाखवणारा आकडा, प्रत्येक वेळी तोच. इक्वलायझरने तर बेस ड्रमची धारच गेली. फार वैताग आला.

कारण प्री-एम्फसिस. त्या काळच्या काही सीडींवर उंच स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, 10 किलोहर्ट्झला सुमारे 7.6 डेसिबल. सीडीवर तशी खूण असते; प्लेअर ती वाचून ते उतरवतो. रिपमध्ये ते तसेच राहतात.

आधी सीडीवरून वेव्ह फाइल (न आवळलेला आवाज) काढा. मग प्री-एम्फसिसची खूण टीओसी (सीडीच्या सुरुवातीची ट्रॅकची यादी) आणि सबकोड (आवाजासोबत साठवलेली जास्तीची माहिती), दोन्हीकडे तपासा. कित्येकदा ती फक्त सबकोडमध्येच असते आणि बरेच प्रोग्रॅम तिथे पाहतच नाहीत. खूण असलेल्या ट्रॅकवरच, 44.1 किलोहर्ट्झ असतानाच, सॉक्स या ध्वनिप्रक्रियेच्या प्रोग्रॅमचा ‘डीएम्फ’ इफेक्ट चालवा; तो वाढवलेले उंच स्वर उतरवतो. आउटपुट 24 बिट ठेवा आणि मग फ्लॅक करा. संकलनात ट्रॅकगणिक खूण वेगळी असू शकते, म्हणून सरसकट चालवू नका. मूळ रिपही जपा. रिप बरोबर झाली का याची पडताळणी तिच्यावरच होते.